पनीर निळं पडलं, आणि नोटीस आपल्यालाच आली

प्रश्न : आम्ही आठ मैत्रिणी एका तालुक्याच्या गावात राहतो. खाण्यापिण्यातली फसवणूक थांबवायची म्हणून दिवाळीपासून एक गट सुरू केला आहे. नोंदणी अजून नाही. मागच्या महिन्यात एका डेअरीतलं सुटं पनीर आणून त्यावर आयोडीन टाकलं, तर ते निळं पडलं. आम्ही फोटो काढला आणि डेअरीच्या नावानिशी ‘विषारी पनीर, सावधान’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. ते गावभर फिरलं. आता डेअरीवाल्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा. पनीर आम्ही तेव्हाच फेकून दिलं. दोघी जणी गट सोडायचं म्हणताहेत. त्यातच एका मसाला कंपनीने ‘तुमच्या जागृती कार्यक्रमांचा खर्च आम्ही उचलतो’ असा निरोप पाठवलाय. आमचं चुकलं कुठे आणि आता काय करावं?

उत्तर : आधी नोटिशीचं बघू, कारण तिला तारीख आहे. नोटीस म्हणजे दावा नव्हे, पण तिला उत्तर न देणं हा सगळ्यात वाईट पर्याय. मुदतीच्या आत वकिलामार्फत लेखी उत्तर जाऊ द्या. वकिलाचा खर्च अडवत असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

संदेश काढून टाका, पण त्याआधी तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा, मूळ फोटो फोनमधून पुसू नका. मग वकिलाला दाखवून त्याच ग्रुपांवर दोन ओळी टाका : ‘अमुक तारखेच्या संदेशात आम्ही घरगुती चाचणीवरून एका दुकानाच्या पनीरला विषारी म्हटलं होतं. त्या चाचणीवरून तसं म्हणता येत नाही. तो शब्द आम्ही मागे घेतो. संदेश पुढे पाठवू नये.’ एवढंच. त्यात ‘पण शंका आहेच’ असलं शेपूट जोडू नका.

चुकलं ते ‘विषारी’ या शब्दात आणि फेकून दिलेल्या पनीरात. लोकहितासाठी खरं बोललो, हा बचाव अब्रुनुकसानीच्या कायद्यात आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्येही आहे. पण ते खरं होतं हे दाखवायची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. तुमच्याकडे दाखवायला एक निळा फोटो आहे. तो कोणत्या पनीराचा, कधी घेतलेल्या, कुणी कापलेल्या, याला कागद नाही.

आता ती निळाई. आयोडीन एकच गोष्ट सांगतं : इथे स्टार्च आहे. पनीरात स्टार्च असायचं कारण नाही, म्हणून चाचणी नीट केली असेल तर निळा रंग दखल घेण्याजोगा नक्कीच आहे. नीट म्हणजे कशी? दोन-तीन मिलिलिटर मापाचा पनीराचा चुरा, ५ मिलिलिटर पाणी, उकळी आणायची, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मग टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब. गरम असतानाच थेंब टाकले तर स्टार्च असूनही निळा रंग टिकत नाही. उलट, बटाटा चिरलेल्या सुरीने पनीर कापलं किंवा कणकेच्या हातांनी कुस्करलं, तर घरचं शुद्ध पनीरही निळं पडेल. म्हणून एक वाटी कधीच पुरत नाही, तीन लागतात. पहिलीत घरी दूध फाडून केलेलं पनीर, दुसरीत त्याच पनीरात चिमूटभर मैदा, तिसरीत दुकानातलं. पहिली कोरी राहिली आणि दुसरी निळी झाली तरच तिसरीच्या रंगाला काही अर्थ. (हाच प्रयोग उद्या कुणी हळदीवर करायला निघेल, तेव्हा थांबवा. हळदीत मुळातच स्टार्च असतो. तिथे आयोडीन निळं होणारच.)

आणि मोठी गोम पुढे आहे. बाजारात पनीर म्हणून जे नकली खपतं त्यात बहुतेक वेळा दुधाची चरबी काढून पामतेलासारखी वनस्पती चरबी घातलेली असते. त्यात स्टार्च असेलच असं नाही. म्हणजे पामतेलाचं पनीर तुमच्या वाटीत कोरं राहील आणि तुम्ही त्या दुकानदाराला शाबासकी द्याल. स्वयंपाकघरातली चाचणी ‘प्रयोगशाळेत पाठवावं का’ एवढं ठरवायला वापरा. ती जाहीर करायची नाही, कुठल्याही बाजूने.

प्रयोगशाळेत पाठवायचा हक्क मात्र तुम्हाला आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ४०नुसार कुठलाही खरेदीदार विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एक : खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. अहवालात पदार्थ नियमात बसत नाही असं आलं तर भरलेली फी परत मिळायचा हक्क आहे, आणि विश्लेषक तो अहवाल पुढच्या कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे पाठवतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचे सहायक आयुक्त (अन्न) बघतात. यासाठी संस्था नोंदलेली असण्याची गरज नाही. तुमच्यातली कुणीही एकटी हे करू शकते.

जायच्या आधी प्रयोगशाळेला फोन करून चार गोष्टी विचारा : कलम ४०खाली खरेदीदाराचा नमुना घेता का, अहवालावर अन्न विश्लेषकाची सही असते का, पनीराच्या (पुढे सांगितलेल्या) तपासण्यांची मान्यता तुमच्याकडे आहे का, आणि नमुना किती ग्रॅम हवा. खासगी प्रयोगशाळेच्या दारावर एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) बोर्ड असतो, पण मान्यता तपासणीगणिक असते. पाण्याची मान्यता असलेली प्रयोगशाळा पनीराची चरबी तपासून देईल, अहवालही देईल, आणि समोरचा वकील तो एका मिनिटात उडवून लावेल.

नमुना सोमवारी किंवा मंगळवारी घ्या. शुक्रवारी घेतलेलं पनीर शनिवार-रविवार कुणाच्या तरी फ्रिजमध्ये पडून राहतं आणि तिथेच केस संपते. दोघी जा : एक घेणारी, एक साक्षीदार. प्रयोगशाळा सांगेल त्याच्या तिप्पट पनीर मागा. ग्राहकाला देतात तसंच तोलून घ्या, पैसे द्या, बिल घ्या. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक असायला हवा. १ जानेवारी २०२२पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. आकडा १ने सुरू होत असेल तर दुकानाला परवाना आहे, २ने होत असेल तर छोट्या व्यावसायिकाची नुसती नोंदणी. बिल देत नसतील तर बोर्डावरचा क्रमांक टिपा. बोर्डही नसेल तर ती वेगळी तक्रार झाली.

पनीर तोललं, पैसे दिले की काउंटरवरून हलायच्या आत सांगा : ‘हे मी कलम ४०खाली तपासायला देणार आहे.’ आधीच जाहीर केलंत तर कदाचित आतून वेगळा ठोकळा येईल. घरी जाऊन फोनवर सांगितलंत तर अट मोडली. हेच वाक्य दोन प्रतींत लिहून न्या. तारीख, वेळ, वजन, भाव, दोघींच्या सह्या. दुकानदाराची पोच मागा. तो सही देणार नाही हे धरूनच चला. तशी नोंद करून साक्षीदाराची सही घ्या. भांडू नका. व्हिडिओ काढायचा तर फक्त पनीर, काटा आणि बरण्यांचा.

मग तिथेच, कोरड्या स्वच्छ सुरीने ठोकळ्याचे बोराएवढे तुकडे करा, एकत्र कालवा आणि रुंद तोंडाच्या तीन कोरड्या बरण्यांत सारखे भरा. सरकारी अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. तुम्हाला तीन पुरतील. एक प्रयोगशाळेला, एक तुमच्याकडे, एक दुकानदाराला देऊ करायचा. तो नको म्हणाला तर तेही लिहा. हा तिसरा भाग कायदा तुमच्याकडे मागत नाही, पण उद्या ‘यांनीच काहीतरी मिसळलं’ असं कुणी म्हणालं तर ती बरणी तुमच्या बाजूने बोलेल. बरण्या गच्च भरा. वर मोकळी हवा राहिली की ओलावा सुटतो. झाकणावरून बरणीवर उतरेल अशी कागदी पट्टी डकवा, सही अर्धी झाकणावर, अर्धी बरणीवर. थर्माकोलच्या डब्यात गोठवलेल्या जेल पॅकमध्ये, चार अंशांच्या आसपास न्या. सुटा बर्फ नको. बरणीत चमचाभर पाणी शिरलं तरी आर्द्रतेचा आकडा बिघडतो, आणि पनीरात भांडण असतं ते नेमकं त्याच आकड्यावर.

तपासणी कसली मागायची? ‘सगळं तपासा’ म्हणालात तर पैसे जातील आणि कामाचं काही हाती येणार नाही. पनीरासाठी लेखी मागा : आर्द्रता, कोरड्या भागातली चरबी, स्टार्च आणि परकी चरबी आहे का. परकी चरबी ओळखायला आरएम मूल्य (चरबी दुधाची आहे का याचा अंदाज देणारा आकडा) बघतात आणि बीटा-सिटोस्टेरॉल शोधतात. दुसरी जास्त खात्रीची, कारण तो पदार्थ वनस्पती तेलातून येतो. आरएम मूल्य जनावराच्या खाद्यानेही हलतं, सरकीवर पोसलेल्या जनावरांच्या दुधात ते कमी येतं. नुसत्या आरएमवर कुणाला भेसळखोर ठरवू नका. जंतूंची तपासणी या फेरीत सोडाच. तिला निर्जंतुक भांडी लागतात आणि नियमात तिचा निवाडा एका नमुन्यावर होत नाही, एकाच लॉटचे पाच नमुने धरतात.

अहवाल आला की आकडा कुठल्या पायावर दिलाय ते बघा. साध्या पनीरासाठी आर्द्रता ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि कोरड्या भागात दुधाची चरबी किमान ५० टक्के हवी. समजा अहवालात आर्द्रता ५५ आणि चरबी २० टक्के आहे. वीस बघून घाबरायचं नाही आणि खूशही व्हायचं नाही. १००तून ५५ गेले, कोरडा भाग उरला ४५. वीसला ४५ने भागलं की ४४.४ टक्के. पन्नासला कमी, म्हणजे साधं पनीर म्हणून नापास. ‘मीडियम फॅट’ किंवा ‘लो फॅट’ असं लिहून विकलं असेल तर मापदंड वेगळे, तेव्हा ते काय म्हणून विकलं हे तुमच्या नोंदीत असू द्या.

आणि शब्द जपून. कायद्यात कमी दर्जाचं, मिथ्याछाप आणि असुरक्षित या तीन वेगळ्या जाती आहेत. चरबी कमी असलेलं पनीर सहसा कमी दर्जाचं ठरतं. कलम ५१खाली पाच लाखांपर्यंत दंड, तोही न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे. लेबलवर एक आणि आत दुसरं हे मिथ्याछाप, कलम ५२, तीन लाखांपर्यंत. असुरक्षित ठरलं तर कलम ५९, तिथे तुरुंगाची गोष्ट सुरू होते. पामतेल घातलेला ठोकळा विकणं गुन्हा नाही, तो ‘पनीर’ म्हणून विकणं हा गुन्हा. तुमच्या ‘विषारी’ने तिसऱ्या जातीचा आरोप केला, हातात पहिल्याचाही पुरावा नसताना.

नमुन्याच्या जोडीला सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. दुकानाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, खरेदीची तारीख, नेमकी शंका, बिलाची प्रत. एका पानात संपवा. त्यावर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेतला तर विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्या अहवालावर दुकानदाराला अपील करता येतं. हे कळलं की ‘महिना झाला, काहीच नाही’ म्हणून होणारी निम्मी चिडचिड थांबते. उरलेल्या निम्मीसाठी माहिती अधिकार : दहा रुपयांचा अर्ज, ‘आवक क्रमांक अमुकवर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली’ एवढाच प्रश्न, तीस दिवस. ‘का झाली नाही’ विचारू नका. कारण विचारलं की उत्तर टाळायला जागा मिळते.

निकाल जाहीर करायचाच असेल तर आधी अहवालाची प्रत दुकानदाराला पाठवा, दहा-बारा दिवस द्या, त्याचं म्हणणं आलं तर तेही छापा. वाक्य असं : ‘अमुक तारखेला अमुक दुकानातून घेतलेल्या नमुन्यात, अमुक प्रयोगशाळेच्या अहवालानुसार, कोरड्या भागातली चरबी इतकी टक्के, नियमानुसार किमान ५०.’ एका नमुन्यावरून ‘हे दुकान भेसळ करतं’ म्हणता येत नाही. आणि जे नमुने पास झाले तेही त्याच अक्षरात, त्याच आकारात छापा. लोक तुमच्यावर विश्वास ठेवायला लागतील ते या पास झालेल्यांमुळे.

आता मसाला कंपनी. नको. पत्राने नम्रपणे, पण आजच. तुम्ही उद्या तिखटाचे नमुने घेणार. त्या कंपनीचा नमुना पास झाला तर लोक हसतील, नापास झाला तर कंपनी म्हणेल पैसे वाढवून दिले नाहीत म्हणून केलं. यात तुमची नियत कशी आहे याने काही फरक पडत नाही. वॉशिंग्टनमधला ‘सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट’ हा गट १९७१पासून याच विषयावर काम करतो. तो कंपन्यांच्या देणग्या घेत नाही, आपल्या नियतकालिकात त्याने जाहिराती घेतल्या नाहीत. मुख्यतः वर्गणीदार आणि देणगीदारांवर चालत आला. ऐंशीच्या दशकात त्यांनी प्राण्यांच्या चरबीविरुद्ध मोहीम चालवली आणि ट्रान्स फॅटला (वनस्पती तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीला) सौम्य मानलं. नंतरचं संशोधन वेगळं निघालं, तेव्हा त्यांनी भूमिका बदलली आणि १९९४ साली ट्रान्स फॅट लेबलवर छापा म्हणून तिथल्या सरकारकडे अर्जही केला. पैसे तेलवाल्यांचे असते तर हे वळण घेता आलं असतं का, याचा हिशेब तुमचा तुम्ही करा. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून सभासद कुटुंबांच्या एकत्र खरेदीवर उभी आहे. आठ जणींनी महिन्याला ठरावीक वर्गणी काढली आणि तिमाहीला एकच नमुना केला तरी चालेल. हिशेब मात्र पैन् पै लिहिलेला हवा, मागेल त्याला दाखवता येईल असा.

पैसे नसतील त्या महिन्यांत प्रयोगशाळेशिवायचं काम करा, ते याहून जास्त उपयोगी पडतं : पाकिटांची लेबलं. ‘लो शुगर’ लिहायचं तर घन पदार्थात १०० ग्रॅमला ५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही, ‘शुगर फ्री’ला अर्धा ग्रॅम. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटात पहिला मैदा असेल तर पाकिटाचं पुढचं आणि मागचं तोंड समोरासमोर ठेवून फोटो काढा. मीठ बघायचं तर पाकीट कितीचं आणि ‘सर्व्हिंग’ कितीचं ते आधी बघा. समजा फरसाणात १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम आहे. पाकिटावर ३० ग्रॅमच्या सर्व्हिंगला दिवसाच्या गरजेच्या साडेतेरा टक्के छापलेलं असेल, कारण हिशेब दिवसाला २००० मिलिग्रॅमवर असतो. पण मूल खातं ते १५० ग्रॅमचं अख्खं पाकीट : १३५० मिलिग्रॅम, साडेसदुसष्ट टक्के. त्या १३५०ला अडीचने गुणलं की मीठ येतं, जवळजवळ ३.४ ग्रॅम. हे तोलून चमच्यात दाखवा. शाळेच्या पालकसभेत अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा तो चमचा लवकर कळतो. दावा खोटा आढळला तर एफएसएसएआयकडे तक्रार, दिशाभूल करणारी जाहिरात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर नोंद करून पुढे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण.

नोंदणी सवडीने करा, पण करा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते. नोंदलेल्या ग्राहक संस्थेला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आयोगात स्वतः तक्रारदार म्हणून उभं राहता येतं. संस्थेच्या घटनेत एक कलम आवर्जून घाला : अन्नपदार्थ बनवणाऱ्या वा विकणाऱ्याकडून पैसा, वस्तू, सभागृह काहीही घेणार नाही, आणि कुणा सभासदाच्या घरात तो धंदा असेल तर त्या पदार्थाच्या निर्णयातून ती बाहेर बसेल.

सोडायचं म्हणणाऱ्या त्या दोघींना अडवू नका. फक्त नोटिशीच्या उत्तरावर त्यांचीही नावं येणार असतील तर उत्तर जाईपर्यंत थांबायला सांगा. आणि सात सभासद लागतात, हेही त्यांच्या कानावर घाला. ज्या डेअरीने नोटीस पाठवली तिथला नमुना उत्तर जाईपर्यंत घेऊ नका, नंतरही पहिला तिथला नको. दुसऱ्या दोन दुकानांचे घ्या, त्यांच्या रांगेत तिसरा हा.